दमट हवेतला प्रयोग

मी कंगवा लोकरीच्या मफलरवर वीस वेळा घासला आणि कागदाच्या कपट्यांवर धरला. एकही कपटा हलला नाही. पुन्हा घासला. पुन्हा तेच. बाहेर तीन दिवस झड लागून होती आणि प्रयोगशाळेतल्या आर्द्रतामापकाचा काटा ब्याण्णववर होता. अशा हवेत प्लास्टिकवर पाण्याचा न दिसणारा थर बसतो आणि घासून आलेला प्रभार त्यावरून निघून जातो. म्हणूनच पूर्णगडच्या खाडीलगतच्या आमच्या शाळेत सातवीचा स्थितिक विद्युतचा पाठ पुस्तकात कुठेही असला तरी डिसेंबरात घेतात.

या वर्षी तो ऑगस्टात आला. माझा थंडीतला व्हिडिओ आमच्या मुख्याध्यापकांनी, पावसकर सरांनी, विस्तार अधिकाऱ्यांना पाठवला होता. त्यात कपटे टणाटण उडतात. साहेब म्हणाले, तपासणीला येईन तेव्हा हेच प्रत्यक्ष दाखवा. सरांनी मला न विचारता होकार दिला. माझं शिक्षण सेवकाचं तिसरं वर्ष संपत आलं होतं आणि कायम करायच्या फायलीत साहेबांचा अभिप्राय लागणार होता.

तपासणीच्या सकाळी मी कंगवा घेऊन पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात गेले. हौसामावशींनी भाताचं पातेलं नुकतंच उतरवलं होतं. मी कंगवा शेगडीवर लांबून धरला.

"बाय माझे, फणी काय भाजून खायाची हाय?" मावशी म्हणाल्या.

"वाळवतेय, मावशी."

"हितं माझं मीठ वाळत नाय, तुझी फणी कशी वाळंल?"

गॅस जळताना वाफ होतेच, शिवाय भाताची वाफ. हे मी मुलांना शिकवते. तरी धरून उभी राहिले. कंगव्याचे चार दात वाकले, एवढंच झालं.

पावसकर सर दारात आले. त्यांच्या हातात डिंकाची बाटली होती.

"पातळ थर द्या. लांबून कळत नाही."

"सर, ते खोटं होईल."

"खोटं कसं? डिसेंबरात उडतात ना? आपण चार महिने आधी दाखवतोय, बाकी काय!" मग आवाज उतरवून म्हणाले, "बाई, मी शब्द दिलाय. आणि फाईल माझी नाही, तुमची आहे."

मी डिंक लावला.

साहेब शेवटच्या बाकावर बसले. गुडघे मावेनात म्हणून तिरके बसले. पावसकर सर दार अडवून उभे राहिले. मी कंगवा एका बाजूने घासल्यासारखा केला, दोन्ही बाजूंनी कपट्यांना टेकवला, उचलला आणि टेबलावर ठेवला. सगळे कपटे चिकटून वर आले होते. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"वा!" साहेब म्हणाले. "आता निरीक्षण लिहा रे. बाई, एक चांगली वही दाखवा मला."

"मृणालीची दाखवा!" दर्शन ओरडला. "ती बाईंच्यापण चुका काढते."

वर्ग हसला. मृणालीने मान वर न करता लिहिणं पूर्ण केलं आणि वही माझ्या हातात दिली. तिने लिहिलं होतं: कंगवा टेकल्यावरच कपटे चिकटले. त्याआधी उडाले नाहीत. कंगवा खाली ठेवला तरी सुटले नाहीत. कंगव्याची न घासलेली बाजू टेकली तिथेही चिकटले. कारण कळले नाही.

दर्शनची वही शेजारीच उघडी होती. त्यात पुस्तकातला परिच्छेद जसाच्या तसा होता. मी ती उचलली.

"बाई," मृणालीने विचारलं, "माझं चुकलं का?"

तिच्या हातात पेन तयार होतं. मी हो म्हटलं असतं तर तिने सगळ्या ओळी खोडल्या असत्या, पट्टी लावून, सरळ रेषेत. दारातून सर माझ्याकडे बघत होते.

"नाही," मी म्हणाले. "बरोबर आहे."

"मग तीच आणा," मागून साहेब म्हणाले.

त्यांनी वही वाचली. पुन्हा वाचली. मग हात पुढे केला. "कंगवा बघू."

मी दिला. त्यांचा अंगठा दातांवर अडकला.

"हे काय?"

"डिंक आहे, साहेब. मी लावलाय."

साहेबांनी रुमालाला अंगठा पुसला, अभिप्रायाचा कागद मांडीवर घेतला आणि पेनाचं टोपण काढलं. ते काय लिहीत होते ते फळ्याजवळून दिसत नव्हतं. तास संपायला अजून अकरा मिनिटं होती आणि मला तिथेच उभं राहायचं होतं.

दर्शनने हात वर केला. "बाई, मग आम्ही आता काय लिहायचं?"

"मृणाली," मी म्हणाले, "तुझं निरीक्षण मोठ्याने वाच. सगळ्यांनी ऐका."

ती उभी राहून वाचू लागली. मागे साहेबांचं पेन कागदावर चालतच होतं.