पायाळू

"पोरगी पोट्ट्याचे पाय दाबून राह्यली, अन् बाप खर्रा घोटून राह्यला," लटारूनं टोमणा मारला. मंडपात बसलेले गाववाले हसले.

"दाबत नाई, पट्टी बांधते," तळहातावरचा सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत इस्तारी म्हणाला. पण त्याची नजरही तिकडेच खिळली होती.

मैदानाच्या कडेला त्याची दामिनी एका खेळाडूच्या घोट्याला पांढरी चिकटपट्टी गुंडाळत होती. ती काहीतरी बोलली, तो पोरगा हसला. इस्तारीला ते हसणं करवंदीच्या काट्यासारखं रुतलं. तळ्याकाठच्या ढीवराची लेक ही. तिनं शिंगाडे काढावे, जाळं विणावं, फार तर शाळेत शिकवावं. ती नागपूरला जाऊन ॲथलेटिक ट्रेनर झाली. खेळाडूचं अंग जपायचं, तो पडला तर डॉक्टरच्या आधी आपण धावायचं, असं तिनं समजावलं होतं. गडचिरोलीच्या या कबड्डी स्पर्धेत काम पसंत पडलं, तर पुण्याचा एक संघ तिला नेणार होता. पोरांचा संघ, गावोगाव मुक्काम. आज तिला घरी घेऊनच जायचं, असं ठरवून इस्तारी गावच्या टेम्पोत बसला होता.

सामना रंगात आला आणि त्यांच्याच गावचा अंकुश चढाईला गेला. पाच जणांनी त्याला उचलून आपटलं. तो डोक्यावर आला आणि तसाच पडून राहिला. दामिनी धावली, गुडघ्यांवर बसून तिनं त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं. मागोमाग गाव धावलं.

"मान लचकली हाय. इस्तारीभाऊ, चाल, पाय लाव," लटारू म्हणाला.

इस्तारी पायाळू होता. जन्मताना त्याचे आधी पाय आले, मग डोकं. पायाळूचा पाय लागला की भरलेली उसण निघते, लचकलेली मान सरळ होते, असं सारी पंचक्रोशी मानायची. घरात भाजी नसली तरी दारात माणूस असायचा. इस्तारीचा गावातला सगळा मान त्याच्या डाव्या पायात होता. त्यानं चप्पल काढली.

"बा, पाय नको लावू."

"काऊन?"

"हाताले मुंग्या येऊन राह्यल्या म्हणते हा. मानेचं हाड सरकलं असंन तर जन्माचा लुळा होईन."

"ताई, मी ठीक हाय. उठवा मले," अंकुश पुटपुटला.

"पुण्याचा सायब खुर्चीत बसला ना, त्याले दाखवून राह्यली हे," लटारू म्हणाला. "बापाचा पाय नाई चालत आता."

इस्तारीच्याही मनात तेच आलं होतं. तो लेकीच्या डोळ्यांवर पाळत ठेवून उभा राहिला. खुर्च्यांकडे वळले असते, तर तिथंच चोरी पकडली असती. ते वळले नाहीत. ती अंकुशच्या बोटांकडे बघत होती, आणि तिच्या नाकावरून घाम टपकत होता.

"बा, माह्या हाताखालून हात घाल. डोकं धर, हलू देऊ नको. मले त्याचे पाय पाहाचे हायेत."

इस्तारीनं डावा पाय मागं घेतला. मग मातीत बसला. दुसऱ्याच्या पोराचं डोकं त्याच्या तळव्यांत आलं. कानशिलाची नस जाळ्यातल्या जित्या माशासारखी फडफडत होती. "हलू नको रे बापू," तो म्हणाला.

ॲम्ब्युलन्स अंकुशला घेऊन गेली. गाव सामना हरलं. लटारू जाताना जमिनीवर थुंकला.

दामिनी पिशवी आवरत होती. इस्तारी तिच्याजवळ आला.

"त्याले काईच झालं नसंन तर?"

"तर चांगलंच हाय, बा."

"मंग पोरीचं ऐकून पाय उगाच आवरला म्हणतीन. गावात मले कोणी बोलावणार नाई."

"नाई बोलावणार," ती म्हणाली. खोटं बोलून धीर द्यावा, असं तिला वाटलं नाही.

टेम्पोनं दोनदा भोंगा वाजवला. पुढच्या सामन्याचा पोरगा घोटा पुढं करून दामिनीसमोर बसला होता. इस्तारीनं टेम्पोला हातानंच 'जा' म्हटलं आणि तिच्या शेजारी खाली बसला. ती एका हातानं पट्टीचं टोक शोधू लागली, तेव्हा त्यानं त्या पोराची टाच उचलून धरली.