घळ चढण्याची वेळ

बर्फाबद्दल मला जे काही ठाऊक आहे ते एका पुस्तकातून. सारंगखेड्याच्या वाचनालयाला कुणीतरी जुन्या वह्यांबरोबर ते देऊन टाकलं होतं. मुखपृष्ठ नव्हतं, पहिली वीस पानंही नव्हती. वाचनालय मी बिनपगारी सांभाळत असे, त्यामुळे ज्या पुस्तकांना कुणी हात लावत नाही ती आपणच वाचली पाहिजेत असं मला वाटे. हिवाळ्यात डोंगर कसा चढावा आणि बर्फ केव्हा घसरून अंगावर येतो, यावर त्यात चाळीसेक पानं होती. तापीकाठच्या माणसाला त्यांचा काय उपयोग? तरी मी ती चार वेळा वाचली.

चौसष्ट सालच्या जानेवारीत माझा पुतण्या चुनीलाल बडोद्याच्या कॉलेजातून एक फॉर्म घेऊन आला. फेब्रुवारीत त्यांची बारा मुलं हिमालयात चढायला जाणार होती. फॉर्मवर पालकाची सही हवी होती आणि तिच्याखाली साक्षीदाराची. पालक म्हणजे माझे मोठे भाऊ रतिलाल. आम्ही त्यांना भाई म्हणत असू. फॉर्म इंग्रजीत, म्हणून मला बोलावणं आलं.

"मोती, तू वाच," भाई म्हणाले. "तू हो म्हटलंस तर सही, नाही म्हटलंस तर नाही."

घरात आम्ही गुजरी बोलतो. इथे मी मराठीत लिहितो आहे, पण त्या वाक्याचं वजन मला गुजरीतच आठवतं. पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात माझ्या वाचनावर पहिल्यांदाच काहीतरी अवलंबून होतं.

फॉर्मला कार्यक्रमाचा कागद जोडलेला होता. चौथ्या दिवसापाशी मी थांबलो. सकाळी नऊला चहा-नाश्ता, अकराला घळ चढण्यास सुरुवात.

"भाई, ही वेळ चुकीची आहे."

"कुणाच्या घड्याळात?" चुनीलाल म्हणाला.

मी सांगू लागलो. दोन कड्यांमधल्या घळीत वाऱ्याने बर्फ साचतो. कडाक्याच्या थंडीत तो घट्ट होतो असं आपल्याला वाटतं, पण कधीकधी खालचा थर साखरेसारखा भुसभुशीत होतो आणि त्यावर वरचा जाड थर नुसता टेकलेला राहतो. दिवस चढला, ऊन लागलं, माणसांचं वजन पडलं, की सगळंच खाली येतं. अशी जागा उन्हाआधी ओलांडायची, तीही एकेकाने. नुकताच बर्फ पडला असेल तर जायचंच नाही. हे सगळं मी इतकं घाईने आणि इतकं खाली बघून बोललो, की भाईंनी दोनदा विचारलं, "काय? काय खाली येतं?"

जसोदाभाभी दारात तूर निवडत होत्या. "पण हा बर्फ असतो तरी कसा?"

शेजारची खोली छतापर्यंत कापसाने भरली होती. भाव चढेपर्यंत तो तिथेच राहायचा. माझ्या मूर्खपणाने मी तिकडे बोट दाखवलं. "असा. पांढरा, हलका."

भाभी इतक्या हसल्या की सुपातली तूर सांडली. "मग त्यात मरण्यासारखं काय आहे हो? आमची पोरं दिवसभर त्यात उड्या मारतात!"

चुनीलाल हसला, भाईही हसले. मीही हसलो, त्याची मला अजून लाज वाटते.

हसला नाही तो एकटा भिला नावाचा गडी. भाईंकडे तो वर्षाच्या बोलीने कामाला होता, आणि त्याआधी दोंडाईच्याच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, हमाली करायचा. तो अंगणातूनच बोलला. "मालक, मूठ हलकी ऱ्हास. ढीग हलका नई ऱ्हास. जिनमा एक गडी खालथून कापूस व्हडी ऱ्हायंता, वरथून पुरा ढीग त्यान्हा आंगवर उना. आम्ही सात जन व्हतूत. त्याले काढता काढता त्यान्हा जीव चालना गया."

भाभींनी सूप खाली ठेवलं. भाईंनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "नको जायला."

काम झालं होतं. मी उठून घरी जायला हवं होतं.

"काका, एकच सांगा," चुनीलाल म्हणाला. "तुम्ही बर्फ पाहिलाय?"

"नाही."

"डोंगर चढलाय?"

"तोरणमाळला निघालो होतो. दम लागला म्हणून अर्ध्या वाटेतून परत आलो."

"आमचे सर आठ वर्षं हिमालयात जातायत. ते चुकीचे आणि तुमचं पुस्तक बरोबर?"

'हो' म्हणायचं होतं. एकच अक्षर. पण मला ती नसलेली वीस पानं आठवली. हे नियम कुठल्या डोंगरांना लागू आहेत, हे कदाचित त्यांतच लिहिलेलं असेल. कदाचित ते दुसऱ्याच कुठल्या देशाचे असतील.

"तसं नक्की सांगता येणार नाही," मी म्हणालो.

भाईंनी टोपण काढलं. "चीनशी लढाई होऊन दीड वर्षही झालं नाही, आणि रतिलालचा पोरगा हिमालयाला भ्याला, असं नको व्हायला." त्यांनी सही केली. खाली साक्षीदार म्हणून मी केली. अक्षर फार सुरेख आलं.

चुनीलाल परत आला. नाकाची साल निघालेली, ओठ फुटलेले, आणि बोलणं थांबेना. घळ त्यांनी साडेअकराला चढली. एक वाजता वर बसून पुऱ्या खात असताना खाली धप्प असा आवाज झाला आणि घळीतला अख्खा बर्फ निघून गेला. "आमच्या पावलांच्या खुणासुद्धा राहिल्या नाहीत, काका!"

भाईंनी मांडीवर थाप मारली. "बघ मोती! झालं काही?"

"भाई, दीड तासाचा फरक—"

"दीड तास म्हणजे थोडा का? दीड तासात माणूस दोंडाईच्याला पोचतो!"

तो दीड तास त्यांच्या हिशेबाने आला नव्हता, तो नुसता नशिबाने मिळाला होता, हे मी तीन प्रकारे सांगून पाहिलं. ज्या गोष्टीने मी बरोबर ठरलो, तिनेच त्यांच्या लेखी खोटा पडलो. पोरं वाचनालयाच्या खिडकीतून विचारू लागली, "काका, आज घसरणार का?"

पुढच्या जानेवारीत पुन्हा फॉर्म आला. या वेळी भाईंनी मला वाचायलाही सांगितलं नाही. सही करून झाली होती, फक्त साक्षीदाराची जागा रिकामी होती. मी कार्यक्रम पाहिला. तीच घळ, वेळ अकरा.

"मी सही करणार नाही," मी म्हणालो. भाईंना मी तोवर कशालाही नाही म्हटलं नव्हतं. "वेळ बदलून आणा, लगेच करतो."

"त्यांच्या मनोहरची मॅट्रिकची गाडी दोन वर्षं तिथेच उभी आहे," भाभी भिंतीकडे बघून म्हणाल्या. "दुसऱ्याचा पोर वर चढलेला कसा बघवेल?"

मनोहर माझा मुलगा. मी फॉर्म भाईंपुढे सरकवला.

भाईंनी भिलाला हाक मारली. त्यांनी दाखवलं तिथे त्याने अंगठा उठवला. मी म्हणालो, "भिला, तू तर जिनातलं पाहिलं होतंस."

"हां. पन मालकनी सांगं ना," तो शाई पुसत म्हणाला. "आते मी काय करू?"

भाई माझ्याशी होळीपर्यंत बोलले नाहीत. चुनीलाल आला त्या दिवशी मी स्टँडवर दुपारपासून उभा होतो. तो धडधाकट उतरला. घळ त्यांनी दुपारी बाराला चढली होती. काहीही घसरलं नव्हतं.

"आलो, काका," त्याने पिशवी माझ्या हातात दिली. "पुस्तकाला कळवा."

एकदा घसरलं नाही म्हणजे वेळ बरोबर ठरत नाही, हे उत्तर मला घरी पोचल्यावर सुचलं, आणि तेही बरोबर होतं की नाही, नक्की सांगता येणार नाही.