खलातलं कुंकू

थू! अजून तोंड कडू आहे माझं.

मी शिवांजली, बेंबळीची. धाराशिवच्या एका कॉलेजात राजशेखर सरांच्या हाताखाली पीएच.डी. करते. झिंक मॉलिब्डेट भट्टीत बनवायचं, खलात बारीक वाटायचं अन् ती पूड क्ष-किरणांच्या यंत्रात ठेवायची. मग आलेखावर शिखरं उमटतात. प्रत्येक पदार्थाची शिखरं ठरलेली, त्यावरनं आतल्या अणूंची मांडणी काढायची. एवढंच माझं काम.

खंडेनवमीला सरांनी यंत्राची, भट्टीची अन् खलाची पूजा केली. खलात चांगलं चिमूटभर कुंकू टाकलं, वर झेंडू. दसऱ्याला मी गावाकडं गेले. परत येते तर सर नाचायचेच बाकी! त्यांनी स्वतः नमुना वाटून यंत्रात लावला होता अन् आलेखात कुठंच न बसणारी शिखरं आली होती.

"नवी रचना गं! रंग तर बघ, गुलाबी झाक आलीय!"

गुलाबी म्हटल्यावर मी आधी खल बघितला. नुसता फडक्यानं पुसलेला, धुतलाच नव्हता. मी कपाटातल्या पूजेच्या पुड्यातलं कुंकू तेवढं यंत्रात लावलं. जास्तीची शिखरं सगळी तीच. स्वस्तातलं कुंकू, निम्मी शंखजिऱ्याच्या दगडाची भुकटी!

आलेख सरांपुढं ठेवला. त्यांनी तो उलटा करून त्यावर चहाचा कप ठेवला.

"पेपर छापायला गेलाय. सत्कार ठरलाय. कोण कुंकू तपासायला बसलंय?"

"मग त्यावरनं माझं नाव काढा, सर."

"काढतो की. पण तुझ्या प्रबंधावर सही माझीच लागते, ध्यानात ठेव."

माझ्या जागी सरांनी आपल्या पुतणीचं, जाईचं नाव घातलं. तिनं उभ्या जन्मात खल हातात धरला न्हाय. शी! किळस आली मला. त्या माणसानं पुढं केलेला पेढासुद्धा घशाखाली उतरेना. घरी आई म्हणाली, "सही होईस्तोवर गप बस, बाई." गप बसले. त्याचीच जास्त किळस आली.

सत्काराला हॉल गच्च भरला. शाल, नारळ, फेटा. ओवाळायला मलाच पुढं केलं. तबकातलं कुंकू कुठलं? कपाटातल्या त्याच पुड्यातलं. सरांनी मान वाकवली अन् हळूच म्हणाले, "शहाणी झालीस."

माझं डोकंच फिरलं. सही गेली खड्ड्यात! ठसठशीत टिळा लावला अन् समोरचा माईक ओढला.

"मंडळी, सरांनी शोधलेली नवी रचना हीच. नीट बघून घ्या, कपाळावरच आहे. खलात पूजेचं कुंकू राहिलं होतं."

सर नुसते हसले असते ना, तर लोकांनी मलाच वेडी ठरवलं असतं. पण त्यांचा हात आपोआप वर गेला. सत्काराचं कुंकू कुणी पुसतं का? सरांनी शालीच्या टोकानं खसाखसा पुसलं, सगळ्यांदेखत.