जपानी पान, अमेरिकी पंप

आमच्या कारखान्यात साहेब दोन, आणि दोघांच्या खोल्यांत अंतर बारा पावलांचं. तरी एप्रिलपासून दोघे एकमेकांना ईमेल पाठवत होते. वर ते ईमेल छापून सहीसाठी मला या दारातून त्या दारात पिटाळायचे. माझं काम स्टोअरचं, टपालाचं नव्हे. पण साहेब रुसले की झिजतात त्या आमच्यासारख्यांच्या चपला.

ओमानात सलालाहच्या बंदराजवळ आमची शेड आहे. समुद्राचं खारं पाणी गोडं करणारी यंत्रं आम्ही जोडतो आणि कंटेनरात बसवून पाठवतो. पंप अमेरिकेतून येतात, फिल्टर जपानमधून, आणि जोडणारे हात इथले. कंपनीही निम्मी अमेरिकेची, निम्मी जपानची. अमेरिकेच्या बाजूने हार्लनसाहेब. त्यांच्या मनात आलेलं तोंडात यायला पळभरही लागत नाही. जपानच्या बाजूने नाकानिशीसाहेब. त्यांच्या तोंडात आलेलं बाहेर पडायला आठवडा जातो. तरी तीन वर्षं दोघे एकाच टेबलावर जेवत होते आणि एकमेकांच्या नातवंडांचे फोटो बघत होते.

मग एप्रिलात अमेरिकेने साऱ्या जगावर जकात बसवली. आमची निम्मी यंत्रं तिकडच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलांना जातात. यंत्र जोडलेलं ओमानात, पण त्याचा जीव म्हणजे फिल्टर, आणि तो जपानी; म्हणून तिथले कस्टमवाले अख्खं यंत्रच जपानी धरायला लागले. वॉशिंग्टनला जपानी मंत्र्यांच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, जुलैत करार झाला, हस्तांदोलनाचे फोटो छापून आले आणि जकात पंधरा टक्क्यांवर ठरली. दोन देशांचं जमलं. आमच्या दोन खोल्यांचं मात्र बिनसलेलंच राहिलं.

झालं असं होतं, की जकात लागताच हार्लनसाहेब म्हणाले, फिल्टर स्वस्त करा. नाकानिशीसाहेब गप्प बसले. हार्लनसाहेबांना वाटलं, गप्प म्हणजे कबूल. त्यांनी तसं अमेरिकेला कळवूनही टाकलं. जपानहून साफ नकार आला. यांना वाटलं, नाकानिशीने तोंडघशी पाडलं. त्यांना वाटलं, हार्लनने न विचारता माझा शब्द खर्च केला. शेवटी दोन्ही हेड ऑफिसं कंटाळली. म्हणाली, गुरुवारपर्यंत दोघांच्या सहीचा एक प्रस्ताव पाठवा, नाहीतर सप्टेंबरअखेर शेडला कुलूप.

मी आणि माझा नवरा ओमप्रकाश, दोघेही इथेच कामाला. तो इलेक्ट्रिशियन. कुलूप लागलं की व्हिसा गेला, भाड्याचं घर गेलं. तेही मी सोसलं असतं. पण आमची शिवांगी यंदा दहावीला. इथल्या इंडियन स्कूलमध्ये पहिलीपासून शिकलेली पोर, परीक्षा फेब्रुवारी-मार्चात. वर्षाच्या मधेच उपटून तिला राजापुरात नेऊन कुठे लावू? तिचं मराठी असं, की आजीशी फोनवर बोलतानासुद्धा आधी वाक्य जुळवते. हल्ली तिने पुस्तकं उघडणंच सोडलं होतं. “मम्मी, व्हॉट्स द पॉइंट?” असं म्हणून ती भिंतीकडे तोंड करून झोपायची. माझा जीव तुटायचा.

आणि माझ्या पोटात एक गोष्ट होती.

जपानहून येणाऱ्या फिल्टरांत एखाददुसरा वाटेत आपटून येतो. कडेचा गोंद सुटतो. नाकानिशीसाहेबांचा नियम असा, की सुटलेला फिल्टर करवतीने दोन तुकडे करून टाकून द्यायचा. मी पहिला कापला तेव्हा आत बघतच राहिले. पातळ पानावर पान, कडांना गोंद, आणि मधल्या नळीभोवती घट्ट गुंडाळी. अहो, ही तर अळूवडी! इतका सुंदर माल कापायला माझा हात होईना. पुढच्या वेळी मी आणि उमामाने तो न कापता उलगडला. उमामा इथलीच, धोफारची. टेस्टिंगला असते आणि हिंदी माझ्यापेक्षा बरं बोलते. आम्ही नवा गोंद लावला, पानं सरळ केली, हवा राहू न देता गुंडाळलं. पहिला गळला. दुसरा गळला. तिसऱ्याचं पाणी उमामाने मीटरवर तपासलं आणि मला मिठीच मारली.

गिऱ्हाइकाच्या यंत्रात असा फिल्टर आम्ही कधी घातला नाही, देवाशपथ. आमच्या कँटीनच्या पाण्याला लावले. दोन वर्षांत अकरा.

सोमवारी घरी मी ओमप्रकाशला म्हटलं, “जपानने नुसती पानं पाठवली आणि गुंडाळी इथे झाली, तर फिल्टर ओमानचा होईल. ओमानच्या मालावर जकात कमी आहे. हे सांगायला नको?”

“अगो मंगला, तोंड उघडलंस तर पयले आपणच जाणार. नियम मोडलास तू.”

“नाही उघडलं तरी सप्टेंबरात जाणारच आहोत.”

त्याने उठून पंखा वाढवला. मग म्हणाला, “मग दोघांसमोर एकदम नको. आपल्या गावकीत कसं करतात? शिमग्याची बैठक बसायच्या आधी, ज्याच्या मानाला धक्का लागणार त्याच्या घरी जाऊन सांगतात. तसा आधी जपान्याकडे जा.”

मंगळवारी सकाळी मी नाकानिशीसाहेबांच्या खोलीत गेले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. ते उठले. टोपी घातली आणि कँटीनच्या मागे चालायला लागले. बाहेर खरीफची, म्हणजे इथल्या पावसाळ्याची, भुरभुर चालू होती; त्यांनी छत्रीही घेतली नाही. स्वतःच्या हाताने एक फिल्टर सोडवला, टेबलावर आणला, कातडं सोलावं तसं वरचं आवरण काढलं आणि पान पान उलगडलं. भिंग लावून कडा बघितल्या. अर्धा तास. टेस्टिंगवरून धावत आलेली उमामा माझा हात इतका घट्ट धरून उभी होती, की माझी बांगडी रुतली.

“इथे गोंद जास्त आहे,” शेवटी ते म्हणाले.

“हो सर.”

“हे कुणी शिकवलं?”

“आईने. पण ते पान वेगळं होतं, सर. खायचं.”

एवढ्यात हार्लनसाहेब कॉफीसाठी आले आणि दारातच थबकले. मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.

“थांबा, थांबा. हे पाणी मी दोन वर्षं पितोय?”

“हो सर.”

त्यांनी हातातल्या कपात बघितलं आणि जे हसायला लागले ते थांबेचनात. मग एकदम ताठ झाले. “म्हणजे फिल्टर इथे बनू शकतो! ओमानचा! नाकानिशी, कळतंय का तुला?”

“नियम मोडला गेला आहे,” नाकानिशीसाहेब म्हणाले.

“नियम तुझाच आहे. बदल.”

“तुला सगळं सोपं वाटतं.”

“आणि तुला काहीच नको असतं!”

झालं. पाच महिन्यांत पहिल्यांदा तोंडाने बोलले आणि तेही भांडले. माझं डोकं फिरलं. नोकरी तर गेलीच होती, मग भीती कसली?

“सर, तुम्ही दोघे गप्प बसा!” मी म्हटलं. इंग्रजी जेमतेम, पण राग आला की फाडफाड येतं. “हार्लनसर, नाकानिशीसरांना नियम का लागतो ते तुम्ही कधी विचारलं? एक फिल्टर गळला की त्या हॉटेलातली माणसं आजारी पडतील. नाकानिशीसर, तुमच्या मनात ‘नाही’ असतं तेव्हा ‘नाही’ म्हणा ना! तुमचे मंत्री समोरासमोर बसले म्हणून त्यांचं मिटलं. तुमच्यात बारा पावलं आहेत. आणि इथे अडतीस घरं टांगणीला लागली आहेत.”

उमामाने डोळे मिटून घेतले होते.

नाकानिशीसाहेबांनी भिंग खिशात ठेवलं. हार्लनसाहेबांकडे वळून हळू म्हणाले, “त्या दिवशी मी नाही म्हणायला हवं होतं. तू मित्र आहेस म्हणून जमलं नाही.”

हार्लनसाहेब लाल झाले. “मीही परत विचारायला हवं होतं,” म्हणाले आणि खुर्ची ओढून शेजारी बसले.

मग कागद आले. पानं जपानहून, पंप अमेरिकेहून, गुंडाळी सलालाहत. प्रत्येक फिल्टर तीनदा तपासायचा ही नाकानिशीसाहेबांची अट, आणि हार्लनसाहेबांनी ती एका दमात मान्य केली. आमचे अकरा फिल्टर मात्र त्याच दिवशी कापायचे ठरले. नियम तो नियम. मला वाईट वाटलं, पण मी करवत आणून ठेवली.

“नवीन माणसं तयार करायला किती वेळ लागेल?” नाकानिशीसाहेबांनी विचारलं.

“तीन महिने,” उमामा म्हणाली.

“मार्चपर्यंत,” मी म्हटलं. दोन्ही उत्तरं एकाच वेळी बाहेर पडली.

“तीन महिने की मार्च?” हार्लनसाहेबांनी भुवया उंचावल्या.

खोटं बोलायची ताकद आता उरली नव्हती. “हात बसायला तीन महिने, सर. पण माझ्या मुलीची दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते.”

नाकानिशीसाहेबांचं पेन कागदावर थांबलं. “त्यानंतर?”

“त्यानंतर अकरावी.”

“त्यानंतर?”

“बारावी, सर.”

त्यांनी खाली बघून काहीतरी लिहिलं आणि कागद हार्लनसाहेबांकडे सरकवला. मी वाकून वाचलं. प्रशिक्षणाचा काळ, तीन वर्षं. प्रशिक्षक, मंगला आणि उमामा. हार्लनसाहेबांनी वाचलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि एक शब्दही न बोलता सही केली.

हेड ऑफिसं अजून हो म्हणायची होती. उमामा इन्शाल्ला म्हणाली, मीही म्हटलं. पण एका कागदावर दोघांच्या सह्या मी या डोळ्यांनी बघितल्या होत्या. स्टोअरात जाऊन मी दार लावलं आणि पोटभर रडले. मग तोंड धुऊन शिवांगीला फोन लावला.

“गणिताचं पुस्तक काढ,” मी म्हटलं.

“मम्मी? काय… काय झालं?”

“काही झालं नाही. अभ्यासाला बस.”