निबियाच्या नावापुढचं शून्य

ताकुआरेम्बोमधल्या आमच्या बियाणे-मंडळाची वेबसाइट मी सांभाळतो. कोणाकडे किती वाणं आहेत आणि त्यांतली मागच्या पेरणीत किती उगवली, एवढंच तिच्यावर असतं. माणूस गेलं तरी घरात वाण असेपर्यंत आम्ही नाव काढत नाही. पण पानावर नाव नसेल, तर वसंतातल्या बैठकीत त्याची वाणं इतरांना वाटून टाकतात.

बैठकीच्या सकाळी मंडळाची प्रमुख झुल्मा घरी आली. मी दिलेला मातेचा कडू चहा नळीने ओढत म्हणाली, "विल्मार, निबियाच्या भोपळ्यांच्या बरण्या काढून ठेव. आज वाटायच्यात."

"का म्हणून?"

"पानावर तिचं नाव नाही. पान तू केलंयस, मला काय विचारतोस?"

निबिया माझी बायको. मागच्या पेरणीला ती इस्पितळात होती, म्हणून काहीच पेरलं गेलं नाही. उन्हाळा संपताना ती गेली. नाव मी काढलं नव्हतं.

मी लॅपटॉप उघडला. चूक माझीच होती. आधी फक्त उगवलेली वाणं घे, मग ती माणसागणिक मोज, असं मी वेबसाइटच्या फ्रेमवर्कला सांगून ठेवलं होतं. ज्याचं एकही उगवलं नाही, तो माणूस मोजायच्या आधीच गळत होता.

"म्हणजे शून्यवाले सगळे गायब?" झुल्मा म्हणाली. "तरीच तो आळशी एवारिस्तो दिसत नव्हता. मला वाटलं, लाजून मंडळ सोडलं."

मी ती आधीची गाळणी काढली. सगळी माणसं त्यांच्या वाणांसकट घेतली आणि 'उगवलेली' ही अट मोजणीच्या आत घातली. पान पुन्हा उघडलं. एवारिस्तो आला. निबियाही आली. वाणं सात, उगवलेली शून्य.

झुल्माने मातेचा पेला टेबलावर ठेवला.

"बरण्या राहू देत," ती म्हणाली. "पण शून्य एकच वर्ष चालतं. तुला पेरता येतं?"

"नाही. निबिया मला वाफ्याजवळ येऊ द्यायची नाही. तुडवतोस म्हणायची."

"तुडवतोसच. बूट काढ आधी."

मी पहिली बरणी घेऊन परसात गेलो.

"किती खोल?"

"बोटाचं एक पेर. खड्डा नको खणूस, कॉम्प्युटरवाल्या."

मी बोट मातीत घातलं.