फिल्टरचा कौल

कागदाला जुन्या पंचांगासारखा वास होता. कृष्णनाथने गाडीचा तेलाचा फिल्टर नाकाशी धरला, डोळे मिटले आणि पुन्हा हुंगला – ओलसर, तुरट, तळाशी थोडी धूळ... वाईट नव्हता. घड्या एकमेकींना चिकटल्या नव्हत्या, कडा पिवळ्या पडल्या होत्या पण भुसभुशीत नव्हत्या, कसर लागल्याची खूण नव्हती. पुस्तक असतं तर त्याने ते निःशंक मनाने पेडण्याच्या वाचनालयात कपाटात ठेवलं असतं, 'जपून हाताळावे' अशी चिठ्ठी लावून. पण ह्याला कपाटात राहायचं नव्हतं. ह्यातून उद्या सकाळी कढत तेल धावणार होतं, पार्शापासून डिचोलीपर्यंत – आणि आयुष्यभर पुस्तकं हाताळूनही एखादं तेलात तळून बघायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

शेजारी, ओटीवर पसरलेल्या वर्तमानपत्रावर, दुसरा फिल्टर. नवा कोरा, दोन्ही टोकांना चकचकीत पत्रा, कागद असा कडक की नखाने वाजवला तर वाजावा. दोष एवढाच की तो त्याच्या जुन्या मॉरिस गाडीसाठी केलेलाच नव्हता, कुठल्याशा टेंपोसाठी होता, आणि करंगळीच्या नखाएवढा आखूड होता. म्हापशाच्या दुकानदाराने माळ्यावरून पोर्तुगिजांच्या वेळचा जुना काढून दिला, फळीवरचा नवा काढून दिला आणि म्हणाला, "दोन्ही न्या, बसेल तो ठेवा." तिथेच घात झाला. दोन्ही बसत होते.

एकच बसला असता तर...

जुना मापाचा, पण गरम तेलात त्याचा कागद फाटला तर चिंध्या इंजिनात जाणार आणि इंजिन जाम. नवा मजबूत, पण आखूड, म्हणजे वरच्या फटीतून घाण गाळल्याशिवाय निसटणार आणि इंजिन... तेही जामच, फक्त सावकाश. सावकाश म्हणजे किती सावकाश? कोलवाळच्या पुलावर? अस्नोड्याच्या पुढच्या चढणीवर, मागे खनिजाचे ट्रक भोंगे वाजवत उभे? ज्याला विचारावं तो मेस्त बाकी सगळं दुरुस्त करून मुंबईला लेकाकडे गेला होता, आणि फिल्टर बसवायचं लोखंडी भांडं धुऊन पुसून वर्तमानपत्राच्या कडेला ठेवलं होतं, जेवायला वाढा म्हणून बसलेल्या पाहुण्यासारखं.

"भाजी घेताना इतकी वांगी चाळत नाही तुम्ही," पद्मावती आतून म्हणाली. "एक उचला आनी घाला बघू."

उचला म्हणे. ज्या माणसाने साठी उलटेपर्यंत काही उचललं नव्हतं त्याला! शाळा थोरल्या भावाने, दादांनी निवडली, नोकरी दादांनी लावली, पद्मावतीसुद्धा दादांनीच बघितली – तिच्या बाबतीत दादांचा निकाल उत्तम लागला, हे तिला सांगायचं मात्र राहून गेलं होतं. गोवामुक्तीच्या आधी ही मॉरिस घेतली तीही दादांनी, आणि गेल्या पावसाळ्यात वारले तेव्हा ती धाकट्याला देऊन गेले. गाडी दिली, पण 'फिल्टर अमुक घाल' एवढं शेवटचं वाक्य बोलायला काय झालं होतं? मी तर त्यांच्या उशाशीच बसलो होतो...

आणि मग सगुण. पद्मावतीचा भाऊ, डिचोलीत खनिजाचे ट्रक चालवणारा, मोठ्या आवाजाचा माणूस. चवथीला आला होता तेव्हा त्याने मॉरिसच्या बॉनेटवर थाप मारली आणि भरल्या ओटीवर म्हणाला, "भावजी, ही गाडी म्हणजे तुमची पुस्तकां न्हय, नुसती पुसून ठेवूक. माझ्या घराची वास्तुशांत आसा, त्या दिवशी ती आपल्या पायांनी माझ्या दारात इली तर तुमची. ओढून हाडूची लागली तर माझी. कबूल?" सगळे हसले. कृष्णनाथही हसला, कारण हसणं हे उत्तर नसतं असा त्याचा समज होता. पण पद्मावती हसली नाही. हातातलं नेवऱ्यांचं ताट तसंच धरून तिने भावाकडे बघितलं आणि म्हणाली, "येईल गाडी. हे आणतील."

हे आणतील. दोन शब्द. तेव्हापासून त्याला नीट झोप नव्हती, आणि वास्तुशांत आता उद्यावर आली होती. गाडी गेली तर एकवेळ जाऊ दे – पण पद्मावती, ते दोन शब्द खोटे पडून, सगुणच्या अंगणात उभी राहील, नवं लुगडं नेसून...

दुपारी त्याने दोन्ही फिल्टर पिशवीत घातले, वर नारळ आणि केळी ठेवली आणि रवळनाथाच्या देवळाकडे निघाला. इथे सोयरीक, विहीर, चोरी, आजार, कशाचाही कौल लागतो. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावायच्या, प्रश्न घालायचा, कुठली पडते ते बघायचं. दादा मात्र कधी आले नव्हते. दादांना कौल लागतच नसे. तेच कौल होते.

त्याला वाटलं होतं, देवळात कुणी नसेल. होते. म्हैस हरवलेला एक गृहस्थ, दोन बायका, आणि गुरव शिवदास, उघड्या अंगाने पान लावत.

"काय विचारूचा, मास्तर?" शिवदास म्हणाला. वाचनालयात काम केलेल्या माणसाला इथे सगळे मास्तरच म्हणत.

"दोन आहेत... त्यातला एक..." कृष्णनाथने आवाज खाली आणला. "तू नुसतं उजवं-डावं विचार ना. देवाला कळेल."

"देवाक कळात. पण गाऱ्हाणां माका घालूचा आसा. काय दोन?"

त्याने पिशवी उघडली. शिवदासने केळी बाजूला केली, फिल्टर बाहेर काढले, उलटसुलट बघितले, एकातून आरपार डोळा लावून देवाकडेही बघून घेतलं. बायका उठून जवळ आल्या. म्हशीवाला म्हणाला, "ह्यां काय? मधाचां पोळां?"

"मोटारीचां," शिवदास गंभीरपणे म्हणाला. देवाच्या दारात प्रश्न लहानमोठा नसतो, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. लाज फक्त कृष्णनाथला वाटत होती. "उजवी जुन्याची, डावी नव्याची. चलात?"

"उजवी – म्हणजे देवाची की आपली?"

"देवाची! तुमची उजवी धरून देव बसतलो काय?"

पाकळ्या लागल्या. शिवदासने हात जोडले आणि त्याचा आवाज एकदम देवळापेक्षा मोठा झाला. "बा देवा रवळनाथा, म्हाराजाऽ! आज हो तुजो कृष्णनाथ तुज्या पायाकडे इलो आसा!"

"व्हय म्हाराजाऽ!" म्हशीवाला आणि बायका.

"तेच्या गाडयेच्या इंजनात जुनो फिल्टर घालूचो काय नवो, हो तेका पेच पडलो आसा!"

"व्हय म्हाराजाऽ!"

"गाडी फुडे म्हेवण्याच्या दारात सुखरूप पावोंदी, मेल्या म्हेवण्याची नजर काढून टाक रे म्हाराजाऽ!"

"व्हय म्हाराजाऽ!"

मेव्हण्याचं त्याने सांगितलंच नव्हतं. म्हणजे गावाला माहीत होतं. सगळ्या गावाला... त्याने खाली मान घातली, मग कौल चुकेल म्हणून वर केली. पाकळ्या हलत नव्हत्या. समईची ज्योत हलत होती, उदबत्तीचा धूर सरळ वर जाऊन मग त्याच्याच दिशेने वळत होता, आणि सकाळपासून हुंगलेली ती सगळी जुनी धूळ नाकात खोल कुठेतरी जागी होऊ लागली होती. नको. आत्ता नको. त्याने श्वास धरला, दात आवळले, बोटं मुडपली. आणि तेवढ्यात उजवी पाकळी थोडी घसरल्यासारखी वाटली, आणि 'हां, हाच, जुनाच' असं आतून कुणीतरी ओरडलं – इतक्या स्पष्टपणे की तो दचकला, श्वास सुटला, आणि देवळाच्या घुमटाला हादरा बसेल अशी शिंक आली.

डावी पाकळी पडली.

"दिलान!" शिवदास म्हणाला. "नवो घाला, मास्तर. मोकळो कौल."

"व्हय म्हाराजा," म्हशीवाला घाईने म्हणाला. त्याचा नंबर होता.

परतताना पिशवी हलकी व्हायला हवी होती. झाली नाही. पाकळी देवाने पाडली की शिंकेने? शिंक कुणी पाडली? शिंक देवाची असेल तर कौल देवाचा. पण शिंक माझी असेल, तर म्हणजे मीच... आणि मी तर जुना म्हणालो होतो. म्हणालो होतो ना? की धुरातून आलेला भास? दादा असते तर म्हणाले असते, किस्न्या, तुला साधं शिंकताही येत नाही. खरं होतं. पण शिंक कशीही असो, आतून ओरडलं ते कोण? तो आवाज दादांचा नव्हता. दादांचा आवाज तो अंधारातही ओळखला असता.

पद्मावती अंगणात उभी होती. "काय दिलान देवान?"

"डावी."

"म्हणजे नवा."

"नवा."

तो गाडीकडे गेला, भांड्यात रबराची कडी बसवली, आणि जुना फिल्टर उचलून आत ठेवला. ती मागोमाग आली होती.

"अहो, हा जुना."

"हो."

"देवान नवा सांगितलान ना?"

"सांगितला." त्याने फिल्टर नीट दाबून बसवला. "मला हा वाटतो."

आता ती विचारणार – का? वास चांगला होता एवढंच होतं, आणि असलं उत्तर सगुणच्या अंगणात बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. पण तिने विचारलं नाही. त्याच्याकडे बघितलं, घरात एखादी वस्तू नवीन जागी ठेवलेली दिसावी तसं, आणि आत गेली.

तो गाडीखाली सरकला आणि बोल्ट पिळत राहिला. भीती होतीच, नेहमीच्या जागी. अस्नोड्याची चढण होती, ट्रकचे भोंगे होते, सगुणचं हसणं होतं, आणि आता देवाचा कौल मोडल्याचं वर आणखी. उद्या गाडी अडली तर दादांकडे बोट दाखवता येणार नव्हतं, मेस्ताकडे नाही, रवळनाथाकडे तर नाहीच. सगळा दोष त्याचा, अख्खा, कुणाला वाटणी न देता... आणि विचित्र म्हणजे, ह्या विचाराने त्याला रडू यायच्या ऐवजी चक्क भूक लागली.

"चहा झालाऽ," आतून हाक आली.

"आलोऽ!" तो गाडीखालूनच ओरडला, देवळात आतून ओरडलेल्या त्याच आवाजात.

भांड्यांचा आवाज थांबला. पद्मावती लगबगीने ओटीवर आली, पदर सारखा करत फाटकाकडे बघू लागली. "कोण आलंय हो?" ती म्हणाली. "आवाज कुणाचा?"

तो बाहेर सरकला, काळे झालेले हात पुढे धरून बसला, आणि त्यानेही फाटकाकडे बघितलं.