गौराचं भिंग

मार्गशीर्षातली सकाळ. तापीकाठच्या केळीबागांवर धुक्याची धवल, ओलसर झालर, आणि झालरीआडून उतरणारं कोवळं, केशरकांत ऊन. रुंद पानावर एक दवबिंदू थरथरत होता. त्याच्या इवल्या फुगीर पोटातून पानाची शीर मोठी होऊन दिसत होती, हिरवी, ठळक, वाहत्या नदीसारखी.

बागेच्या कडेला भागवतचं घर. तो केळीचे घड उतरवायला जाई, आणि त्याची बायको सारजा अंगणात लेकीला तेल लावत बसे. सारजाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ओठांवर शब्द नव्हते. शब्द सारे हातांत होते. रागावले की विजेसारखे लखलखणारे, हसले की पाण्यासारखे झुळझुळणारे हात.

आणि मांडीवर गौरा. सहा महिन्यांची, सावळी, सुकुमार; आणि दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांत जन्मापासूनचं दुधाळ, दाट धुकं.

लेकीला आवाज कळत, पण आई आवाज काढत नसे. आईचे हात बोलत, पण लेकीला हात दिसत नव्हते. दोघी भेटत त्या फक्त स्पर्शात, तेलाच्या वासात, उबेच्या अंधाऱ्या गाभाऱ्यात. भागवतनं हाक मारली की गौरा मान वळवी, हसे. ते हसू पाहताना सारजाच्या काळजात काहीतरी हलके हलके तुटे. एकदा तिनं नवऱ्याला हातांनी विचारलं होतं, ‘तुझी तर ती झालीच. माझी कशी होईल?’

भागवतनं लेकीला उचललं आणि सारजाला घेऊन शहरातला डोळ्यांचा दवाखाना गाठला.

तिथे शस्त्रक्रिया झाली. धुकं साचलेली भिंगं निघाली. जखमा भरल्यावर डॉक्टरबाईंनी एक चिमुकला, जाडसर चष्मा समोर ठेवला.

“डोळ्यातलं भिंग आलेले किरण वाकवतं, आतल्या पडद्यावर एका जागी आणतं,” त्या म्हणाल्या. “हिचं ते गढूळ होतं, म्हणून काढलं. आता उजेड आत जातोय, पण विस्कटलेला. हे बहिर्गोल भिंग, मध्ये फुगीर. हे किरणांना जवळ आणेल.” मग त्यांनी स्वतःचा चष्मा काढला. “माझं उलट. मध्ये खोलगट, अंतर्गोल. किरणांना जरा फाकवतं. मला लांबचं धूसर दिसतं ना, म्हणून.”

भागवतनं ते सारं हातांनी सांगितलं. दहाही बोटं सरळ धरली, वाकवत वाकवत टोकाशी मिळवली: हे गौराचं. मग जुळलेली बोटं कळीसारखी उमलवत दूर नेली: हे डॉक्टरबाईंचं. प्रकाशाचं ते वळण सारजा टक लावून पाहत राहिली. मग तिचे हात उठले.

“तिचे हात पोरीला दिसतील का, असं विचारतेय,” भागवत म्हणाला.

डॉक्टरबाई सारजाकडेच वळून बोलल्या. “आधी जवळचं दिसेल. हात तिच्या चेहऱ्यापाशी ठेवा. नजरेलाही शिकावं लागतं. वेळ लागेल, पण चष्मा सोडू नका.”

वेळ लागला. गौरा रडे, चष्मा ओरबाडून काढी. सारजा पुन्हा घाली. पुन्हा रडणं, पुन्हा घालणं. एका संध्याकाळी तिनं चष्मा डबीत ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. भागवत तिच्यासमोर जाऊन बसला. त्याच्या हातांनी एवढंच सांगितलं, ‘उद्या मी तिला धरतो. तू बोल.’

दुसऱ्या सकाळी शेवग्याखाली पुष्पगंधी, पांढरी सावली पसरली होती. बापाच्या मांडीवर रडून दमलेली गौरा एकाएकी थांबली. भटकी, भिरभिरती नजर तरंगत आली आणि समोरच्या बोटांवर येऊन टेकली.

मग सारजाचं एक बोट हळूच हललं. नजर हलली. बोट डावीकडे गेलं. नजर गेली. बोट आईच्या गालावर विसावलं, आणि त्या वाटेनं चालत आलेली नजर आईच्या मुखावर पोहोचली, आणि तिथून हललीच नाही.

सारजाच्या कंठातून एक अनघड, ओला आवाज फुटला. आजवर लाजून कुणाला न दिलेला आवाज. गौरा तो ऐकून हसली. आईकडे पाहत, आईसाठी हसली.

भागवतनं मान फिरवली आणि उपरण्यानं डोळे पुसले.

मग शिशिर सरला. पानगळल्या फांद्यांवर ताम्रवर्ण पालवी आली, आणि गौरा बसू लागली, रांगू लागली. एका दुपारी शेजारची कोंबडी दाणे वेचत अगदी तिच्या पायाशी आली. लालचुटूक तुरा, सोनपिवळे पाय. गौरानं तिला पाहिलं. मग मान वळवून आईकडे पाहिलं. डोळ्यांत तिचा पहिलावहिला प्रश्न होता.

सारजानं अंगठा आणि तर्जनी जुळवून चोच केली, आणि तळहातावर टोचून दाखवली.

गौरा पाहत राहिली. मग तिची इवली, गुबगुबीत बोटं चाचपडत जुळली; आणि आईच्या उघड्या तळहातावर, उन्हानं भरलेल्या तळहातावर, एक चिमुकली चोच टेकली, उचलली, आणि पुन्हा टेकली.